पट्टा सैल पडला तेव्हा

हसू नका मित्रांनो! मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, दोन बटणं गळालेला. पण इंदूरच्या एका पोरीचं कॉलेज माझ्यापायी हुकणार होतं, आणि तो धसका अजून गेलेला नाही.

भाऊरावांनी मला राजवाड्याच्या बाजारातून आणलं, तेव्हा ते मिलमध्ये फिटर होते. दिवाळीचा बोनस हातात, माझा थाट काय विचारता! त्यांच्या बायकोने, गयाबाईंनी, माझ्यावर विणलेला रुमाल घातला. पुढे मिल कायमची बंद झाली. भाऊराव घरी बसले, मला पुसायचंही कुणाला सुचेना. फक्त त्यांची मुलगी धम्मदीना रोज मला लावायची. कथकच्या रियाजाला लहरा लागतो, म्हणजे हार्मोनियमवर फिरून फिरून येणारी एकच धून. तिच्यावर पावलं बसवायची.

बारावीनंतर तिला नृत्याच्या कॉलेजात जायचं होतं.

"नाचून घर चालते का बेटा?" भाऊराव म्हणायचे. "बी.कॉम. कर, बँकेत लाग."

"बाबा, वसुंधराताई शिकवतात ना मला, त्या म्हणतात, डिग्री असली तर स्कूलमध्ये डान्स टीचरची पोस्ट निघते."

"सालभरात किती निघतात? दोन? आणि लाइनीत किती?"

गयाबाई मध्ये पडत, "अहो, कॉलेजची टेस्ट तर देऊ द्या तिला."

टेस्टला पंधरा दिवस उरले आणि माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडू लागला. मी रोज थोडा थोडा रेंगाळू लागलो. धम्मदीनाला कळलंच नाही, ती माझ्याच संथ चालीवर पाय बसवत राहिली. टेस्टला तर समोर वादक बसणार, खरी लय धरणार! मला बोंब मारायची होती, पण यंत्राला तोंड कुठलं? जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका सकाळी भाऊराव पेचकस घेऊन आले. त्यांनी मला उघडलं, पट्टा बदलला. मी पळू लागलो आणि धम्मदीनाचे पाय अडखळले. तीनदा चुकली, रडकुंडीला आली.

"बाबा, हे फास्ट का झालं?"

"हीच खरी स्पीड आहे बेटा." भाऊरावांनी मान खाली घातली. "आठ दिवसांपासून कळत होतं मला. उमर गेली मशिनीचे आवाज ऐकण्यात. म्हटलं, फेल झालीस तर आपसूक बी.कॉम.ला जाशील."

"बाप आहात की वैरी?" गयाबाई कडाडल्या.

"डर लागते गं. मिलची नोकरी पक्की म्हणूनच धरली होती ना मी? आता पक्कं काय ते हिला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून आज पट्टा बदलला."

उरलेले सात दिवस भाऊरावच माझं बटण दाबायला बसले. टेस्टमध्ये ती सुरुवातीलाच चुकली, मग सावरली. यादीत नाव लागलं, शेवटून दुसरं. भाऊरावांनी फॉर्मवर सही केली. नाचून तिचं घर चालेल का, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.

मित्रांनो, घरातल्या यंत्राला अधूनमधून उघडून बघत जा. आणि कुणाचं चुकतंय हे कळलं, तर लगेच बोला. भाऊराव आणखी सात दिवस गप्प बसले असते, तर ती पोर चुकीच्या लयीत अगदी बिनचूक नाचून नापास झाली असती.