पहिले पाच संवाद

लिन साहेबांची मुलगी तसनीमकडे शिकायला आली त्या दिवशी परीक्षेला पासष्ट दिवस उरले होते. तो आकडा मुलीनं स्वतःच सांगितला, आपलं नाव सांगायच्याही आधी.

नाव शूयी, वय अठरा. चीनमध्ये शाळा संपताना जी मोठी परीक्षा होते, ती तिनं मागच्या वर्षी एकदा दिली होती. बाकीचे विषय बरे गेले, पण इंग्रजीत दीडशेपैकी चौऱ्याण्णव पडले आणि तेवढ्यानं सगळं खाली ओढलं. आता पुन्हा बसायचं होतं. आई हुनानमध्ये, अर्धांगानं पडलेल्या आजीजवळ हॉस्पिटलात. घरी मुलीकडे बघायला कुणी नाही, म्हणून वडिलांनी तिला दीड-दोन महिन्यांसाठी दोह्याला आणलं होतं. लिन साहेब एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, आणि तसनीमचा नवरा राहिल त्यांच्याच साइट ऑफिसात कागदपत्रं सांभाळायचा. आपली बायको रत्नागिरीला हायस्कुलात बारा वर्षं इंग्रजी शिकवत होती, असं तो एकदा चहा पिताना बोलून गेला. आठवड्याच्या आत शूयी अल अझीझियातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात उभी.

"नीट शिकव गो तिला," राहिल म्हणाला. "जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. सही लिन साहेबांचीच लागते."

तसनीमला असं सांगावं लागत नसे. शिकवायला बसली की ती कुणाची मुलगी, कुणाचा साहेब हे विसरून जाई. शूयी रोज चार वाजता यायची, दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसायची आणि सांगितलेलं सगळं करून आणायची. व्याकरण पक्कं. निबंध तर असा लिहायची की तसनीमला लाल पेन उचलावंसं वाटत नसे. घोडं अडत होतं ते ऐकण्यात. परीक्षेची सुरुवातच ऐकण्यानं व्हायची: वर्गातल्या स्पीकरवर संवाद, त्यावर वीस प्रश्न, तीस गुण. त्यातले पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात. कुणी विचारतं, बस किती वाजता सुटते, कुणी उत्तर देतं, आणि खलास. पुढचा संवाद सुरू. पुढले तेवढे दोनदा मिळायचे.

फोनवर संवाद लावला की शूयीचे वीसपैकी आठ यायचे. कधी सात. आठवडे गेले तरी आकडा हलेना.

"तुझं लक्ष नाही," तसनीम म्हणायची. दोघींचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, दुसरी कुठली भाषा त्यांच्यात नव्हतीच. "हा शब्द तुला येतो. काल तूच वापरलास. मग ऐकताना कुठे असतेस?"

"सॉरी, टीचर."

एकदा तर ती चिडून बोलली, "कान उघडे ठेवून बस जरा!" शूयीनं मान खाली घातली आणि पुन्हा "सॉरी, टीचर" म्हणाली. त्या दिवशी तिचे सहा आले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हॉलचा एसी बिघडला. दुरुस्तीवाला नेमका चार वाजता आला आणि शिडी लावून उभा राहिला तो तसनीमच्या रोजच्या खुर्चीच्या जागी. ती सहज उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, शूयीच्या उजवीकडे जाऊन बसली आणि कागद समोर धरून प्रश्न वाचायला लागली.

"त्या बाईला पुस्तक परत का करायचंय?"

"साडेसहा वाजता," शूयी म्हणाली.

तसनीमला वाटलं, एसीवाल्याच्या ठोकाठोकीमुळे असेल. तिनं पुढचा प्रश्न वाचला. शूयी कागदाच्या कडेवरून तिचे ओठ दिसतात का ते बघत होती. ते तसनीमच्या लक्षात आलं. तीन आठवडे ही मुलगी न चुकता त्याच एका खुर्चीवर बसत होती. अफशां, तसनीमची बारा वर्षांची मुलगी, एकदा त्या खुर्चीवर बसली होती तेव्हा शूयी ती उठेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली होती.

एसीवाला गॅसचा सिलिंडर आणायला खाली गेला. घर शांत झालं. तसनीमनं कागद तोंडासमोर पुरता वर धरला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "शूयी, आज तू दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली आहेस."

शूयी हसली. मान डोलवून म्हणाली, "येस, टीचर."

तसनीमनं कागद खाली ठेवला. शूयीनं तिचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की टीचरला कळलं. तिचं हसू तसंच ओठांवर राहिलं, पण डोळे भरून आले.

"उजवा कान?" तसनीमनं विचारलं.

शूयीनं होकारार्थी मान हलवली.

मग हळूहळू बाहेर आलं. ती सात वर्षांची असताना खूप ताप आला होता, कान ठणकत होता. आई-वडील दोघं तेव्हा दूरच्या शहरात कामाला, ती आजीजवळ. आजीनं घरातलंच काही औषध कानात घातलं आणि बरं वाटेल म्हणून वाट पाहिली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. "कुणाला सांगू नको, तुझे बाबा मला माफ करणार नाहीत," असं आजी रडत म्हणाली होती. सात वर्षांच्या मुलीनं शब्द दिला आणि अकरा वर्षं पाळला. शाळेच्या तपासणीत नर्सचे ओठ वाचले, वर्गात उजवी बाजू भिंतीकडे धरली. घरात तिला सगळे वेंधळी म्हणायचे.

"तुम्ही बाबांना सांगू नका," शूयी म्हणाली. तिनं तसनीमचं मनगट घट्ट धरलं होतं. "नायनाय आता बोलू पण शकत नाही. बाबा तिला दोष देतील आणि तिला उत्तर देता येणार नाही."

नायनाय म्हणजे वडिलांची आई, हे तसनीमला ठाऊक होतं. तिला आपलेच शब्द आठवत होते. कान उघडे ठेवून बस. ती उठून स्वयंपाकघरात गेली, उगाच नळ सोडला, बंद केला आणि परत आली.

"मी तुझ्या पाठीमागे काही करणार नाही," ती म्हणाली. "पण गप्पही बसणार नाही. डॉक्टरला दाखवायलाच हवं. तू सांग. उद्यापर्यंत तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, शूयी आली नाही. फोन बंद. सहाला राहिल घरी आला तो बूट न काढताच दारात थांबला.

"काय केलंस तू त्या पोरीला?"

"काय झालं?"

"लिन साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं मला. पोरगी म्हणते, टीचर चांगली नाही, मला तिच्याकडे जायचं नाही. साहेब म्हणाले, चाळीस दिवसांवर परीक्षा आहे आणि तुझी बायको माझ्या मुलीला रडवते. चार माणसांसमोर, तसनीम!"

तसनीमनं त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. राहिलनं कपाळ चोळलं.

"तू मध्ये पडू नको," तो म्हणाला. "त्यांच्या घरातली गोष्ट आहे. पोरगी अठरा वर्षांची आहे, तिला नाही सांगायचं तर नाही. आपण परके. उद्या साहेब बिथरला तर आपल्याला गाशा गुंडाळून जावं लागेल. अफशांची शाळा आहे."

"तुमचं खरं आहे," तसनीम म्हणाली. "पण मी तिला महिनाभर बहिरी असल्याची शिक्षा करत होते. न कळता केली ते केली. आता कळून कसं गप्प बसू? तुम्ही येता की मी टॅक्सीनं जाऊ?"

राहिलनं गाडीची चावी उचलली.

लिन साहेब मुऐदरला कंपनीनं दिलेल्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं. अंगावर साइटचाच शर्ट होता. बसा म्हणाले, पण स्वतः उभेच राहिले. शूयी आतल्या खोलीच्या दारात आली आणि तसनीमला पाहताच जागच्या जागी थिजली.

"मिसेस राहिल," लिन साहेब इंग्रजीत म्हणाले, "मागच्या वर्षी माझी मुलगी आळशीपणानं मागे पडली. या वर्षी मी तिला सगळं दिलं. घर, वेळ, शिक्षक. तरी वीसपैकी सहा. मला कारण सांगा."

तसनीमनं पिशवीतून कागद काढले. ते तिनं टेबलावर मांडले. "मी समोर बसून वाचते तेव्हा तिचे सतरा येतात. फोनवर लावते तेव्हा आठ. मी हे रोज लिहीत होते आणि रोज चुकीचा अर्थ काढत होते. ही आळशी नाही, लिन साहेब. इतकी मेहनत करणारी मुलगी मी वर्गात पाहिलेली नाही. चूक माझी होती. आणखी एक गोष्ट आहे, पण ती सांगायचा हक्क तिचा आहे."

राहिल जमिनीकडे बघत होता. लिन साहेबांनी मुलीकडे वळून काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत, तुटक. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तसनीमला वाटलं, आपण चुकलो, आता हे घर आपल्या डोक्यावर कोसळणार.

आणि मग शूयी बोलायला लागली.

तसनीमला एक अक्षर कळत नव्हतं. पहिल्यांदा हळू, मग भरभर, मग हुंदक्यांतून. मध्येच 'नायनाय' हा शब्द आला. पुन्हा आला. लिन साहेबांचा चेहरा लाल झाला, त्यांनी हात उगारल्यासारखा वर केला आणि तो हात तसाच स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. ते खिडकीपाशी गेले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. राहिलच्या कपाळावर घाम आला होता.

मग ते वळले. शूयी सोफ्यावर बसली होती. ते तिच्याजवळ आले, क्षणभर थबकले, मग सोफ्याला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला बसले आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तेव्हा मी घरी नव्हतो," ते नंतर तसनीमला इंग्रजीत म्हणाले. "तीन वर्षं घरी गेलो नव्हतो. आईला दोष कुठल्या तोंडानं देऊ?"

दोन दिवसांनी कानाच्या डॉक्टरनं तपासलं. पडद्याला मोठं, जुनं भोक होतं. ऑपरेशननं बरंच सुधारेल, पण परीक्षेआधी ते करणं शक्य नव्हतं. एकच कान अधू म्हणून सवलत मिळते का, हे लिन साहेबांनी तिकडे फोन करकरून विचारलं. नाही मिळत. कानात यंत्र लावून बसायचं तर परवानगी हवी, आणि अर्जाची मुदत उलटून गेलेली.

"मग एका कानानं," तसनीम म्हणाली.

शूयी परत जायला उरले होते तीन आठवडे. तिनं राहिलकडून जुना स्पीकर आणवला आणि तो रोज वेगळ्या जागी ठेवला. कधी कपाटावर, कधी मोरीच्या दारात, कधी मुद्दाम शूयीच्या उजव्या हाताला. एसी चालू, अफशां मागे बसून कागद फडफडवतेय, खोकतेय. पहिल्या दिवशी शूयीनं डावा कान स्पीकरकडे नेला तेव्हा तसनीमनं तिची हनुवटी धरून सरळ केली.

"मान वळवायची नाही. पर्यवेक्षकाला वाटेल तू शेजारच्याचा पेपर बघतेस. समोर बघ आणि ऐक."

संवाद सुरू व्हायच्या आधी जे थोडे सेकंद मिळतात त्यात तिन्ही पर्याय वाचून ठेवायचे, कुठला शब्द येऊ शकतो ते हेरून ठेवायचं, हुकलं तर तिथेच सोडून पुढचं पकडायचं. एवढंच, पण रोज तीन तास. आठाचे अकरा झाले. मग दहा. शूयीनं पेन फेकून दिलं आणि रडली. तसनीमनं रडू दिलं, पाणी दिलं आणि पुन्हा स्पीकर लावला. विमानात बसायच्या आदल्या दिवशी चौदा आले.

जाताना शूयीनं वाकून नमस्कार केला. तसनीमला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आत्ता जवळ घेतलं तर दोघींचा धीर सुटेल म्हणून ती नुसतीच म्हणाली, "यल्ला, जा. पहिले पाच विसरू नको."

आठ जूनला, बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी, इंग्रजीचा पेपर होता. तिकडे दुपारचे तीन म्हणजे दोह्यात सकाळचे दहा. घरात राहिलची चुलत बहीण रुकैया मुलाबाळांसकट आलेली. पावणेदहाला तसनीम सांदणांचं पीठ ढवळत होती. दहाला तिचा हात थांबला. रुकैया काहीतरी सांगत होती, पोरं ओरडत होती. तसनीम घड्याळाकडे बघत मनात मोजत होती. पहिला संवाद संपला असेल. दुसरा. कुठे बसवलं असेल तिला? स्पीकर कुठल्या बाजूला असेल? साडेदहापर्यंत तिनं कुणाशी धड एक वाक्य बोलल्याचं तिला आठवत नाही.

त्या दिवशी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी लिन साहेबांचा दोन ओळींचा मेसेज आला. ते मुलीच्या परीक्षेसाठी रजा घेऊन हुनानला गेले होते. पेपर झाला, मुलगी झोपली आहे, एवढंच. राहिलच्या कॉन्ट्रॅक्टचंही काही कळलं नव्हतं. तो तोंडानं काही बोलत नसे, पण रोज ऑफिसातून आला की मान नकारार्थी हलवायचा.

निकाल पंचवीस जूनला लागला. व्हिडिओ कॉलवर शूयी दिसली, केस कापलेली, दमलेली.

"टीचर, स्पीकर उजवीकडे होता," ती आधी हेच म्हणाली. "पहिला संवाद गेला. मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग मी तो सोडला आणि दुसऱ्याचे पर्याय वाचले."

"मग?"

"पाचातले चार मिळाले असतील. मान वळवली नाही."

"किती, शूयी? आकडा सांग."

"एकशे अठरा."

तसनीम स्वयंपाकघरात उभी होती ती ओट्याला टेकली. वडिलांना एकशे तीस हवे होते, हे तिला माहीत होतं. बीजिंगचं कॉलेज आता मिळणार नव्हतं. प्रांतातलं, शूयीला हवं होतं ते, मिळणार होतं. पडद्यावर लिन साहेब डोकावले. त्यांच्या हातात वाटी-चमचा होता; ते आईला भरवत होते. "जुलैच्या दहाला कानाचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "त्यानंतर मी दोह्याला येतो. राहिलला सांगा, त्याच्या कागदावर मी इथूनच सही करून पाठवली आहे."

फोन ठेवल्यावर राहिल दारात येऊन उभा राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, "पास झाली ना गो?"

तसनीमनं ओढणीनं तोंड झाकलं आणि नुसती होकारार्थी मान हलवत राहिली.