पंचवीस वारांची खुंटी

माझी नात हल्ली शिकारीला जाताना खिशात एक यंत्र घेऊन जाते. डोळ्याला लावलं की समोरचं झाड किती वारांवर आहे तो आकडा आत दिसतो. मी एकदा लावून पाहिलं. आकडा दिसला, पण विश्वास बसला नाही. आमच्या तरुणपणी हे काम माझे सासरे करायचे.

सासऱ्यांचं नाव काल्ले. त्यांचं एक पाऊल म्हणजे बरोब्बर एक वार, हे अमेरिकेत, मिशिगनच्या आमच्या टोकाला सगळ्यांना माहीत होतं. कुंपण कुठून घालायचं, भावाभावांत कुरण कसं वाटायचं, फार कशाला, चर्चमागची थडगी किती अंतरावर खणायची, सगळ्याला काल्लेंना बोलवायचे. ते हात मागे बांधून चालायचे, जुन्या फिनिश बोलीत आकडे पुटपुटायचे, आणि थांबायचे तिथे खुंटी ठोकली जायची. नंतर कोणी टेप लावत नसे. तो त्यांचा अपमान ठरला असता.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या वसंतात माझ्या नवऱ्याच्या, अर्मसच्या पाठीवर लाकूडतोडीत ओंडका आला. जीव वाचला, पण वर्षभर धनुष्य ओढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या घरात एक हरीण मिळालं तर फेब्रुवारीपर्यंत मांसाची चिंता नसायची. न मिळालं तर खारवलेला मासा आणि बटाटे, बटाटे आणि मासा. मी अर्मसला म्हटलं, "यंदा मी बसते."

बसायचं ते दलदलीकाठच्या मोठ्या हेमलॉकच्या झाडाखाली. हरणांची वाट तिथूनच जायची. ती जागा तीस वर्षं सासऱ्यांची होती. पण आदल्या शरदात तिथूनच त्यांनी एका हरिणीला बाण मारला आणि ती हाती लागली नाही. दोन दिवस आम्ही रक्ताचा माग काढला. माग दलदलीत जाऊन विरला.

आमच्या घरचा नियम होता: स्वतःच्या चुकीने जखमी जनावर गमावलं, तर पुढचा मोसम घरी बसायचं. सासरे तेव्हा म्हणाले होते, "दोरीच्या आवाजाने दचकून ती खाली दबली. बाण वर लागला." हरीण दबतं, ती काही माणसाची चूक नाही. कोणी पुढे विचारलं नाही.

मे महिन्यात रविवारच्या कॉफीला त्यांनी जाहीर केलं, "हेमलॉकची जागा यंदा मागून मिळणार नाही. सप्टेंबरचा पहिला रविवार. पंचवीस वार, पाच बाण, निशाणाला 'ॲपल पाय' भाजायची ताटली. ज्याचे जास्त लागतील त्याची जागा. मीही मारणार."

माझा धाकटा दीर तौनो लाकूड कापायच्या गिरणीचा ट्रक चालवायचा. जागेवर त्याचा डोळा होताच. तो हसून म्हणाला, "हिल्मा, ताटली भरून आणायची नाही हं. रिकामी लागते."

"तू रिकामी करून दे," मी म्हटलं. "ते तुला छान जमतं."

परसात सरावाची जागा मी आणि अर्मसने मिळून केली. तो बसून सांगायचा, मी ओढायची. सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या मागे, उत्तरेला तोंड करून, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येणार नाही. त्या बाजूला दीड मैल कोणाचं घर नाही, गाय नाही. आधी रेल्वेरुळांखालचे जुने लाकडी स्लीपर एकावर एक रचले. त्यांच्या पुढे तौनोने ट्रकभर लाकडाचा भुसा ओतला, म्हणजे चुकलेला बाण त्यात रुतावा. भुशापुढे दलदलीतल्या गवताचे सात गठ्ठे तारेने घट्ट आवळून उभे केले आणि मधल्या गठ्ठ्यावर हरणाच्या छातीच्या उंचीला ती ताटली खिळवली. अर्मसने कपडे वाळत घालायच्या माझ्या दोरीला वारावारावर गाठी मारल्या. गठ्ठ्यांपासून पंचविसाव्या गाठीपाशी मी देवदाराची खुंटी ठोकली, तिला गोठ्याचा लाल रंग फासला.

सासरे सौनाच्या पायरीवरून पाहत होते. "दोरी कशाला? माझे पाय काय गहाण पडलेत?"

"तुम्हीही स्पर्धेत आहात ना, बाबा," अर्मस म्हणाला. ते उठून आत गेले.

जून उत्तम गेला. मी सकाळी सहकारी दुकानात कामाला जायच्या आधी तीस बाण मारायची, आल्यावर तीस. महिनाअखेर पाचातले चार ताटलीत बसायला लागले. सासरे सराव करताना कधी दिसले नाहीत. "चाळीस वर्षांचा सराव आहे," म्हणायचे आणि दुपारी झोपायला जायचे.

जुलैत माझे बाण वर जायला लागले. सगळे नव्हे, फक्त संध्याकाळचे. ताटलीच्या वर चार बोटं, पाच बोटं. सकाळी तेच धनुष्य, तेच बाण, आणि पुन्हा मधोमध. मला वाटलं दुकानातली पोती उचलून खांदा दुखतोय, म्हणून मी कापूर चोळला. मग वाटलं दोरी ताणली गेली. ती बदलली. मग वाटलं, बाईमाणसाने हे करूच नये.

शेवटी एका संध्याकाळी मी खाली पाहिलं. रोज उभी राहून राहून माझ्या पायांनी गवत झिजवून तव्याएवढं टक्कल पाडलं होतं. सकाळच्या अंधुक उजेडात मी खुंटी न पाहता त्या टकलावरच उभी राहायची, संध्याकाळी मात्र खुंटीपाशी; आणि आता ते टक्कल माझ्या मागे होतं. खुंटी तीन वार पुढे सरकली होती, तळाशी माती ताजी होती.

मी दोरी आणून मोजलं, खुंटी मागे ठोकली आणि कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी ती परत पुढे. मी मागे. परत पुढे! म्हणजे सकाळी मी खऱ्या पंचविसावर मारत होते आणि संध्याकाळी कोणीतरी मला बाविसाचा हात शिकवत होतं, परीक्षेच्या दिवशी तो बिघडावा म्हणून.

कोण? तौनो, दुसरं कोण! दुपारी त्याचा ट्रक आमच्या रस्त्याने जायचा. मी खुंटीभोवती राय धान्याचं पीठ भुरभुरलं. संध्याकाळी त्यात बुटाचा ठसा मिळाला, छान ठळक, रबरी, खाचांचा. पण ते बूट मीच दुकानात विकत होते. अर्ध्या तालुक्याच्या पायांत तेच होते, माझ्याही.

रविवारी तौनो माझ्या हातची वेलचीची पोळी कॉफीत बुडवत होता. मी म्हटलं, "दुपारी कुठे असतोस रे?"

"ट्रकमध्ये. का? डबा पाठवतेस?"

"माझी खुंटी कोण हलवतं?"

तो बुडवायचा थांबला. "मी? हिल्मा, तुला हरवायला मला खुंट्या उपटायला लागतात?"

"लागत असतील. गेल्या रविवारी तुझे दोनच लागले."

"बाबा, ऐकलंत? ही मला चोर म्हणतेय, माझ्याच भुशावर बाण मारून!"

सासरे कपात पाहत म्हणाले, "खुंटी हलतेय, हे खरं आहे." त्यांनी आधी तौनोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मला आवडली नाही. तौनो पोळी तशीच टाकून उठला आणि दोन आठवडे आला नाही.

मग संशय अर्मसवर गेला. बायको आपल्या जागी जंगलात बसते, हे पुरुषाला गोड लागतं का? एकदा तो म्हणालाही होता, "नाही जमलं तर सोड, मासा वाईट नसतो." रात्री शेजारी पडून मी त्याच्या पाठीचा विचार करायची. ही पाठ हातभर रुतलेली खुंटी उपटू शकेल का? मनात म्हणायची, उपटली असली तर बरंच की, पाठ सुधारली म्हणायची. असा वाईट महिना मी त्या घरात दुसरा काढला नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुकान मालाच्या मोजणीसाठी दुपारी बंद झालं. मी लवकर घरी आले, पण घरात न जाता सौनाच्या भिंतीआड उभी राहिले.

सासरे आले. हातात त्यांचं जुनं धनुष्य होतं. ते गठ्ठ्यांना पाठ लावून उभे राहिले, हात मागे बांधले आणि चालायला लागले. आकडे मला ऐकू येत होते. पंचविसाला थांबले. खुंटी त्यांच्यापुढे तीन वारांवर होती. त्यांनी चहूकडे पाहिलं, शिवी हासडली, खुंटी उपटली आणि पायांशी ठोकली.

मी भिंतीआडून पुढे झाले. ते दचकले नाहीत.

"ये," म्हणाले. "चोर पकडायला आलीस? मीही महिनाभर तेच करतोय. रोज कोणीतरी माझी खुंटी मागे नेतं."

"मी नेते, बाबा."

"तू?" ते हसले, पण ओठांनीच. "मला वाटलं तौनो. म्हाताऱ्याचा बाण खाली पडावा म्हणून? धीट आहेस पोरी."

"दोरीने मोजून नेते. पंचवीस तिथे आहे."

"दोरी उन्हात ताणते, पावसात आखडते. माझं पाऊल आखडतं का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण त्याच क्षणी मला ती हरिणी आठवली. हेमलॉकपासून हरणांच्या वाटेवरच्या आल्डरच्या झुडपापर्यंतचं अंतरही त्यांनी असंच पावलांनी मोजलं होतं, पंचवीस. ते खरोखर बावीस असेल, तर पंचविसाचा बाण वरच लागणार. हरीण दबलंच नसेल. मी बोलले, तर त्यांचा मोसम गेला. नाही बोलले, तर यंदा आणखी एक हरीण दलदलीत मरायला जाणार.

मी एवढंच म्हटलं, "बाबा, गोठ्याची लांबी किती वार आहे?"

"बावीस. मीच बांधला, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस." ते बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग धनुष्य माझ्या हातात दिलं आणि गोठ्याकडे गेले.

मी गेले नाही, लांबून पाहिलं. ते भिंतीच्या कडेने चालत गेले, टोकाला थांबले. परत आले. मग पुन्हा गेले, या वेळी लांब ढांगा टाकत, पण दहा-बारा पावलांतच त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

परत येऊन त्यांनी स्वतः खुंटी उपटली आणि माझ्या गवताच्या टकलात ठोकली.

"पंचवीस पावलं भरली," म्हणाले. "गोठा तर वाढला नसेल."

त्या संध्याकाळी मी तौनोच्या घरी पोळी घेऊन गेले. त्याने दार उघडलं, पोळी घेतली आणि म्हणाला, "यात विष नाही ना?" तेवढ्यावर मिटलं. अर्मसला मात्र मी कधीच सांगितलं नाही की त्याच्यावरही संशय घेतला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी खुंटीवर आधी तौनो उभा राहिला. तीन लागले. मग मी. चार लागले. पाचवा ताटलीच्या कडेपासून बोटभर चुकला. आता बाबा, असं म्हणून आम्ही वळलो, तर ते पायरीवर बसलेलेच, धनुष्याला दोरीही न चढवता.

"गेल्या वर्षीची हरिणी दबली नव्हती," ते म्हणाले. "अंतर मी चुकवलं. यंदा मी घरी."

तौनो काहीतरी बोलणार होता. अर्मसने त्याच्या पायावर काठी ठेवली.

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी सासरे मला हेमलॉकपाशी घेऊन गेले. दोरी त्यांनीच खांद्यावर घेतली होती. एक टोक त्यांनी बुंध्याशी धरलं, दुसरं घेऊन मी आल्डरपर्यंत गेले, एकेक गाठ मोठ्याने मोजत.

"बावीस," मी ओरडले.

"परत मोज."

मी परत मोजलं. बावीसच. त्यांनी खिशातून लाल लोकरीचा तुकडा काढला आणि आल्डरच्या फांदीला बांधला. त्यांच्या बोटांना गाठ मारायला वेळ लागला, पण मी पुढे झाले नाही.

"ती इथे उभी होती," ते म्हणाले. "तू बाविसाचाच मार."

येताना ते माझ्या मागून चालत होते. पावलांचा आवाज येत होता, आकडे ऐकू येत नव्हते.