मूळ मालकाची पेटी

टीव्हीवरच्या नायकाने दार उघडायला हात पुढे केला आणि तो तसाच थिजला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटातून आधी घोंघावल्यासारखा आवाज आला, मग टक् झालं, मग सामसूम, आणि थोड्या वेळाने पुन्हा मंद घरघर सुरू झाली.

"बसली का परत?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"बसली आणि उठली," तो म्हणाला. "आता पाच मिनिटं धापा टाकेल, मग चालेल."

"तो असता तर एव्हाना..." आतून सासूबाईंचा आवाज आला आणि नेहमीच्या जागी थांबला. वाक्य पुरं करायची गरज त्यांना कधीच पडत नसे.

बायकोची सासू म्हणजे एरवी माणसाची स्वतःची आई. इथे तसं नव्हतं. या सासूबाई बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या आई. मुलगा गेला तरी त्यांनी सुनेला सोडलं नाही आणि सुनेने त्यांना. दुसरं लग्न ठरलं तेव्हा बायकोने एकच अट घातली होती, की आई माझ्यासोबत राहतील. त्याने आनंदाने मान डोलावली होती. अट फक्त आईंची होती. आईंच्या मागोमाग मुलगाही घरात राहणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा. याच इमारतीत एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. किल्लीने दार उघडून त्याने आत डोकावलं तर भाजीची पिशवी पोटाशी धरून ती उभी होती, अगदी शांत. "घाई नाही, नीट काढा," एवढंच म्हणाली. त्या वाक्यावर तो भाळला. पन्नाशीला टेकलेला, लग्न राहून गेलेला माणूस कशावर भाळेल याचा नेम नसतो.

पेटी तिच्या पहिल्या नवऱ्याने बांधली होती. तो इंजिनिअर होता. सिनेमे, गाणी, मालिका, घरातली जुनी शूटिंगं, सगळं त्या एका काळ्या पेटीत भरून त्याने ती चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. टीव्हीवर लावा नाहीतर फोनवर लावा, सगळं तिथूनच यायचं. बाहेरची माणसं तिला सर्व्हर म्हणत, घरातली पेटी. त्याच्या हयातीत ती एकदाही बंद पडली नव्हती म्हणे. मेलेल्या माणसाच्या यंत्रांमध्ये बिघाड नसतातच.

मनातल्या मनात तो त्या इंजिनिअरला 'मूळ मालक' म्हणायचा. हॉलमधल्या त्याच्या फोटोचा त्याला कधी त्रास झाला नाही. फोटो गप्प असतो, धूळ पुसली की काम संपतं. पेटी मात्र जिवंत होती. तिच्यावर बारीक हिरवा दिवा होता आणि जाता-येता तो डोळा मिचकावायचा.

ती अधूनमधून बंद पडायला लागली तेव्हा खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं. चला, मूळ मालकाचीही वस्तू बिघडते म्हणायची. पण मग बरं वाटायचं ओसरलं, कारण दुरुस्त करायची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ती काही केल्या होईना. त्याने प्लग बदलला. पेटी उघडून रंगाच्या ब्रशने धूळ झाडली. आतल्या पट्ट्या काढून, पुसून पुन्हा बसवल्या. वीजपुरवठ्याचा डबा नवा आणून टाकला. दोन दिवस ठीक चालायची आणि पुन्हा घोंघावून टक्.

"नवी घ्या," कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं. "कशाला जीव काढताय? जुन्याचं आयुष्य संपलं."

"नवी नको," तो म्हणाला. नवी घेतली असती तर मूळ मालक बिनविरोध निवडून आला असता.

लिफ्टच्या धंद्यात त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लिफ्ट बंद पडली की मोटरकडे धावू नकोस, आधी दारं बघ. दहातले नऊ बिघाड दारात असतात. कुठल्या मजल्यावरचं दार, कोण आपटतं, कोण पाय अडवून गप्पा मारतं, ते शोध. मोटर बिचारी फक्त थांबते. तो इतके दिवस पेटीच्या मोटरीतच हात घालून बसला होता. दाराकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

मग त्याने पेटीला हात लावणं बंद केलं आणि नुसता कान दिला. टीव्हीवर तीन तासांचा सिनेमा लावला तरी पेटीचा श्वास एकसारखा राही. पण संध्याकाळी, बायको ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात शिरली की थोड्या वेळात पंखा चढायला लागायचा. चढत चढत किंचाळायचा आणि मग टक्.

त्या संध्याकाळी पंखा चढायला लागला तसा तो अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. ओट्यावर बायको कांदा चिरत होती. सासूबाई खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. बायकोचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा होता आणि फोनमध्ये मूळ मालक हसत होता. कॅमेरा हलत होता, मागे कुठलंसं तळं होतं, आणि बायकोचा तरुण आवाज म्हणत होता, "तू आधी खाली उतर, पडशील!"

बायकोला त्याची चाहूल लागली. तिने कांद्याच्या हाताने फोन पालथा घातला.

"काही हवं होतं का तुम्हाला?"

"पाणी," तो म्हणाला.

पाणी पिऊन तो पॅसेजमध्ये आला. पेटी टक् करून बसली होती. त्याला एकदम सगळं कळलं आणि कळल्याचा अजिबात आनंद झाला नाही. त्याला ती कधीच 'तू' म्हणाली नव्हती. पाच-सहा वर्षांच्या संसारात 'तुम्ही'च. आदराचं आहे, असं तो स्वतःला समजावत आला होता. बँकेतही माणसं एकमेकांशी आदराने बोलतात.

दुकानदाराला विचारल्यावर बाकीचंही उलगडलं. जुनी शूटिंगं जुन्या तऱ्हेची, भली मोठी. टीव्ही ती आहेत तशी घेतो. फोनला ती पचत नाहीत, म्हणून पेटीला ती जागच्या जागी बारीक वाटून द्यावी लागतात. त्यात ती तापते, आणि फार तापली की स्वतःला वाचवायला बंद होते.

"म्हणजे ती शूटिंगं काढून टाकली तर?" त्याने विचारलं.

"तर प्रश्नच मिटला. किंवा मग एकदाच बसून सगळी फोनला पचतील अशी बारीक करून ठेवा. वेळखाऊ काम आहे."

घरी येईपर्यंत त्याला दुसरा उपाय आठवत होता. पेटीसमोर बसल्यावर पहिलाच आठवला. त्याने सगळी शूटिंगं एका जुन्या डिस्कवर उतरवली, पेटीतून पुसली, आणि डिस्क फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या बॅगेत तळाशी घातली.

"झाली दुरुस्त," रात्री जेवताना तो म्हणाला. "जुन्या शूटिंगमध्येच दोष होता. खराब झाली होती सगळी. गेली."

बायकोचा हात ताटात थांबला. "सगळी?"

"सगळी."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पाण्याचा पेला जवळ ओढला आणि न पिता तसाच ठेवला.

त्यानंतर पेटी शहाण्यासारखी चालली. एकदाही बसली नाही. शेजारचे काका म्हणाले, "इंजिनिअर साहेबांची पेटी लिफ्टवाल्याने ताळ्यावर आणली." हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने किती वाट पाहिली होती. ऐकल्यावर मात्र तो काकांची नजर चुकवून आत आला.

कारण बॅग जड झाली होती. उस्तादाचा आणखी एक नियम होता. काढलेला पार्ट परस्पर फेकायचा नाही. मालकाला दाखवायचा, हा काढला, हा असा झिजलाय, आणि त्याने हो म्हटल्यावरच टाकायचा. आयुष्यभर त्याने तो पाळला होता. गंजका स्क्रूसुद्धा तो सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातावर ठेवायचा. आता रोज पाना काढायला बॅगेत हात घातला की बोटांना ते फडकं लागायचं. हा पार्ट झिजलेला नव्हता. आणि मालकाला दाखवायचा तर कुणाला?

स्वयंपाकघरही बदललं होतं. बायको मुकाट्याने कांदा चिरायची. सासूबाई तिथे येऊन बसायच्या बंद झाल्या. संध्याकाळभर आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहायच्या. जेवायला हाक मारली की यायच्या, पोळीचा तुकडा मोडायच्या आणि बोटांत फिरवत बसायच्या.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी, बायको कामावर गेलेली असताना, त्या हॉलमध्ये आल्या. तो मोजे घालत होता. त्या समोर उभ्या राहिल्या.

"लिफ्टवाले," त्या म्हणाल्या. त्या त्याला हेच म्हणायच्या, पण अहो-जाहो करून. "एक विचारू का?"

"विचारा ना आई. बसा आधी."

त्या बसल्या नाहीत. "ती पेटी पूर्वीसारखी बिघडवता येईल का हो?"

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बिघडवता?"

"आता चांगली चालते, मान्य आहे. पण बिघडलेली असताना त्यात तो यायचा. बंद पडायची, मग ती पुन्हा लावून द्यायची. मला कुठे जमतं ते फोनमधलं? तीच रोज लावायची बिचारी, स्वयंपाक करता करता. मला काही घाई नसायची. बंद पडेपर्यंत जेवढा येईल तेवढा."

त्याच्या हातातला मोजा हातातच राहिला. "तुमच्यासाठी लावायची?"

"मग कुणासाठी? मी एवढीशी असल्यापासून तो मला म्हातारे म्हणायचा. म्हणजे तो एवढासा असल्यापासून," सासूबाईंनी स्वतःला दुरुस्त केलं आणि त्या जराशा हसल्या. "ए म्हातारे, इकडे बघ. ए म्हातारे, पदर सावर. त्या शूटिंगमध्ये आहे ते. ती मला आई म्हणते, तुम्हीही आई म्हणता, मोठेपणा आहे तुमचा. पण आता खरोखरची म्हातारी झाले आणि म्हातारे म्हणणारं कुणी उरलं नाही."

तो उठला. बॅग ओढून त्याने तळातून फडकं काढलं आणि उलगडून डिस्क सासूबाईंच्या हातावर ठेवली, सेक्रेटरीच्या हातावर स्क्रू ठेवायचा तशी.

"हा पार्ट मी काढला होता," तो म्हणाला. "खराब नाहीये. मीच काढला होता."

सासूबाईंनी डिस्क उलटीपालटी केली. का, असं त्यांनी विचारलं नाही. बहुतेक त्यांना ते विचारायची गरज वाटली नाही. "मग बसवा," एवढंच म्हणून त्यांनी ती परत दिली.

तो पेटीला पडदा जोडून दिवसभर तिच्यासमोर बसला. एकेक शूटिंग बारीक करायचं आणि नीट झालं का ते बघायचं. म्हणजे मूळ मालकाला बघायचं. त्याला वाटत होतं तसा तो रुबाबदार वगैरे नव्हता. कान मोठे होते. सायकलवरून पडायचा, स्वतःच हसायचा. पण त्याचं वय जागच्या जागी थांबलेलं होतं आणि इकडे ह्याचे गुडघे वाजत होते. एका शूटिंगमध्ये बायको हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. असं हसू त्याच्या घरात, त्याच्या वाट्याला एकदाही आलेलं नव्हतं. त्याने ते पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मत्सराने त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ते कायमचं पुसायला एक बटण पुरलं असतं. त्याने पुढचं शूटिंग लावलं.

संध्याकाळी बायको आली ती पॅसेजमध्येच थांबली. पडद्यावर तळं होतं.

"तुम्ही म्हणालात, सगळं गेलं."

"गेलं नव्हतं. माझ्या बॅगेत होतं."

"बॅगेत?" तिने पर्स खाली ठेवली. "आईंनी जेवण टाकलं, आणि बॅगेत? काय केलंस तू हे?"

पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा 'तू' आलं, ते असं आलं. तो मान खाली घालून बसला होता.

"जळलो," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. तू फोन पालथा घातलास आणि मी जळलो."

ती चपला काढून त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आईंसाठी लावायचे मी," ती म्हणाली. "पण खोटं कशाला बोलू? डोळे माझेही तिकडे जायचे. म्हणून पालथा घातला."

"कळलं होतं मला."

"आणि पुढेही जातील कधीमधी."

"जाऊ दे," तो म्हणाला. ते बोलणं सोपं नव्हतं आणि त्याने ते सोपं असल्याचा आवही आणला नाही.

काम संपलं. बायको स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग डबा ठेवल्याचा, मग मटार पातेल्यात पडू लागल्याचा. तो पॅसेजमध्ये पेटीवर तळहात ठेवून उभा राहिला. सवयीने कान देऊन वाट बघू लागला, की आता पंखा चढेल.

"ए म्हातारे," आतून मूळ मालकाची हाक आली, "इकडे बघ ना."

"बघतेय रे," सासूबाई म्हणाल्या.

पंखा चढला नाही. पेटी गार होती, श्वास एकसारखा होता. आता कुणी काहीही लावलं, तरी बाहेर पत्ता लागणार नव्हता. आत कोण कोणाला बघतंय, हे सांगणारा एकुलता एक आवाज त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त करून टाकला होता.

त्याने हात काढला. बायकोच्या चपला मधेच पडल्या होत्या, त्या उचलून खालच्या फळीवर स्वतःच्या चपलांशेजारी नीट लावल्या, आणि कपाटाचं दार आवाज न करता लोटून घेतलं.