न मोडलेला छापा

"हे कशासाठी करता, धोंडीबा?" नव्या साहेबांनी विचारलं, तेव्हा धोंडीबा हवालदार गुडघे टेकून मिठाच्या ढिगावर लाकडी छापा दाबत होता.

कोपरीच्या खाडीकाठी मिठागराच्या त्या सरकारी चौकीवर रोज संध्याकाळी हाच उद्योग चाले. ओल्या ढिगावर चारी बाजूंनी छापा उठवायचा, म्हणजे कुणी मूठभर मीठ उचललं तरी अक्षरं फुटून चोरी उघडी पडे. सकाळी पाहणी करायची आणि वहीत लिहायचं, 'छापे शाबूत'. बावीस वर्षं हा गडी साताऱ्याकडून येऊन खाडीच्या चिखलात हेच करत होता. भाकरीबरोबरचं मीठसुद्धा तो ठाण्याच्या बाजारातून विकत आणायचा. आता याला इमान म्हणायचं की हट्ट, तुम्हीच ठरवा.

बावीस वर्षांत त्याने एकच चोरी पकडली, ती तुळसाची. मिठागरावर राबणारी पोटुशी पोर, पदरात ओंजळभर मीठ बांधून निघाली होती. त्याने सगळ्यांदेखत तिला पदर झाडायला लावला. त्या हंगामात तिचं काम सुटलं. पुढच्या साली ती परत आली, पण हवालदाराशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. त्याला पंधरा वर्षं झाली.

सत्तेचाळीसच्या एप्रिलात मिठावरचा कर उठला. मिठागरावरच्या बाया हसत त्याला सांगायच्या, की मीठ आता मोकळं झालं. धोंडीबा म्हणे, कागद येऊ दे. कागद काही आला नाही. ही चौकी वर कुणाच्या ध्यानात असेल तर शपथ! पगार मात्र वेळेवर येत राहिला आणि धोंडीबा छापे मारत राहिला, चांगले अकरा महिने.

आज साहेब, म्हणजे त्र्यंबकराव, तो कागद घेऊन आले होते. पोरसवदा माणूस, पण बोलायला गोड. जुनी चौकी बंद, खात्याची घडी नव्याने बसवायची आहे, धोंडीबाने सोमवारपासून नौपाड्याच्या कचेरीत दारावर बसायचं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. धोंडीबाने सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. त्याचं मागणं एवढंच होतं, की शेवटच्या पानावर साहेबांनी एक ओळ लिहावी: या अकरा महिन्यांत याच्या राखणीत एकही छापा मोडला नाही.

साहेबांनी वही चाळली. "अहो, पण मीठ न्यायला आता मनाईच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "राखण कशाची केलीत?"

तरी बिचाऱ्यांनी ओळ लिहिली, खाली सही केली आणि निघून गेले. धोंडीबा बांधावर बसला. आपण अकरा महिने सगळ्यांपुढे वेड्यासारखे वागलो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकाएकी त्याच्या मनात आलं, मनाईच नव्हती तर छापे शाबूत राहिले कसे?

बाया टोपल्या घेऊन घरी निघाल्या होत्या. सगळ्यांच्या मागे तुळसा होती. तो उठून तिच्या वाटेत उभा राहिला.

"तुळसाबाई, तुमी मीठ न्हेत न्हवता व्हय?"

ती थांबली. पंधरा वर्षांनी बोलायचं, तर शब्द जुळायला वेळ लागणारच.

"नेताव की. वाफ्याच्या कडंशी घेताव. ढिगाला हात नाय लावत."

"का बरं?"

"तुमी सकाली छापं बघता," तुळसा म्हणाली. "एक जरी मोरलेला दिसला तं तुमच्या घशाखाली भाकर नाय जायाची. मीच सांगलंय सगल्यांना."

ज्या बाईचा पदर आपण झाडायला लावला, तिनेच आपले छापे राखले, हे धोंडीबाला सोसवेना. तो वळला, मघाशी छापा मारलेल्या ढिगापाशी गेला आणि त्या ताज्या अक्षरांत त्याने दोन्ही हात खुपसले.

"पदर धरा," तो म्हणाला.

तुळसाने टोपली काखोटीला मारली. मग तिने पदर धरला. त्याने तीन ओंजळी मीठ घातलं. तिने गाठ मारली आणि ती बांधावरून निघून गेली.

धोंडीबाने हात धोतराला पुसले, वही उघडली आणि साहेबांच्या सहीखाली सावकाश लिहिलं: एक छापा मोडला. मोडणारा, धोंडीबा.