पाणभुंग्याच्या नकाशातलं पांढरं

"हा किडा ढुंगणाने श्वास घेतो का?"

हा प्रश्न मी विचारला. अख्ख्या शाळेसमोर, वाचनालयात, उभं राहून, मोठ्याने. शार्नीने पैज लावली होती, "विचारलंस तर आठवडाभर माझा सॉसेज रोल तुझा." आणि टेगन म्हणाली होती, "ही? ही हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा लाल होते." वर्षापूर्वी ते खरंही होतं. पण पंधरावं लागल्यापासून माझ्यात काहीतरी सुटलं होतं, मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक कुणीतरी उघडं टाकावं तसं. आणि एकदा मेंढ्या बाहेर पडल्या की पडल्या.

सगळे खिदळायला लागले. ग्रिगसन सर, आमचे विज्ञानाचे, त्यांनी डोळेच मिटून घेतले. पाहुण्या होत्या डॉक्टर इनेस प्रोव्हान. पर्थहून गाडी चालवत आमच्या नॅलारपला आल्या होत्या, पाण्यातल्या भुंग्यांबद्दल सांगायला. त्या रागावल्या नाहीत. समोरचं काचेचं भांडं उचललं आणि सरळ माझ्यासमोर आणून ठेवलं.

"नाव काय तुझं?"

"मेरिन."

"मेरिन, तीस वर्षं मी शाळांमधून हिंडतेय. सगळे एकच विचारतात, चावतो का? बघ आता."

भांड्यातला भुंगा अंगठ्याच्या नखाएवढा होता. मागचे दोन पाय वल्ह्यांसारखे एकदम मारत तो वर आला, डोकं खाली, बूड वर, आणि बुडाचं टोक पाण्याबाहेर काढून निवांत लटकून राहिला.

"पंखांच्या टणक झाकणाखाली हवा भरून घेतोय," त्या म्हणाल्या. "श्वासाची भोकं तिथंच असतात. ती शिदोरी घेऊन परत खाली. म्हणजे तू म्हणालीस ते बरोबर आहे, फक्त मी शाळेत तो शब्द वापरत नाही."

पाच दिवस पाच सॉसेज रोल मी शार्नीच्या डोळ्यात डोळे घालून खाल्ले.

पण त्या दिवशी खरं घडलं ते नंतर. बाकीचे जेवायला पळाले आणि मी मागे राहिले, कारण डॉक्टर इनेस भिंतीवरचा नकाशा गुंडाळत होत्या. पाठीवर दोन पिवळे पट्टे असलेल्या एका जातीचा नकाशा. खाली दक्षिण किनाऱ्याला, उंच झाडांच्या ओल्या जंगलात, ठिपकेच ठिपके. आमच्याकडे, गव्हाच्या पट्ट्यात, स्वच्छ पांढरं.

"आमच्याकडे नाहीच का हा?"

"पुस्तकात तरी नाही." मग त्यांनी मला अल्कोहोल भरलेल्या चार काचेच्या नळ्या दिल्या आणि सूचनांचा एक कागद. "बघ आणि कळव."

बास. मला कुणी 'बघ आणि कळव' असं आजवर म्हटलंच नव्हतं. 'आवर' आणि 'चल' एवढंच म्हणतात.

आमच्या शेताच्या मागच्या टोकाला ग्रॅनाइटचा उघडा खडक आहे, चार मैदानांएवढा. त्यावर खोल खळगे आहेत आणि पावसाळी हिवाळ्यात ते भरतात. जुलैच्या, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातल्या, सुट्टीत आम्ही तिघी तिथं गेलो, आईची मैद्याची चाळणी घेऊन.

"थांब," शार्नी म्हणाली. "परवा तुझ्या आईने मला स्कोन खायला घातले, ते याच चाळणीतले?"

"तेव्हा स्वच्छ होती गं."

"तेव्हा म्हणजे कधी? आधी की नंतर?"

टेगन खळग्याच्या काठावर बसली होती. टेगन नुंगार आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या आजीची माणसं या खळग्यांवर सपाट दगडाची झाकणं ठेवायची, पाणी आटू नये आणि त्यात कांगारू पडून मरू नये म्हणून. अशी दोन झाकणं अजून तिथं पडलेली आहेत. मी तिला म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या, इथं पाण्यात काय आहे ते अजून कुणी पाहिलंच नाही."

"कुणीच नाही? मग आमची माणसं काय डोळे मिटून पाणी पीत होती?"

"म्हणजे लिहून ठेवलं नाही, असं म्हणायचं असेल त्यांना."

"मग तसं म्हणावं ना."

 मी गुपचूप चाळणी घातली पाण्यात. आणि तिसऱ्या वेळी वर काढली तर चाळणीत पाचजण तडफडत होते. काळे, गुळगुळीत, पाठीवर दोन पिवळे पट्टे.

मी एवढ्या जोरात किंचाळले की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या पळाल्या.

बाकीच्या तीन नळ्याही मी भरल्या. एक आमच्या शेततळ्यातून, एक गोल्फ क्लबामागच्या चरातून, आणि एक दक्षिण किनाऱ्यावर आल्बनीला मॉयरा मावशीकडे गेले होते तेव्हा, समुद्राजवळच्या डबक्यातून. त्या तिन्हींत पट्टेवाले नव्हते, साधे काळे होते. प्रत्येक नळीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. मग सगळं कपाटात, कारण मला पोस्टर करायचं होतं. राज्याची विज्ञान स्पर्धा होती. आमच्या शाळेतून आजवर कुणाचंच पोस्टर पर्थपर्यंत गेलं नव्हतं, आणि ग्रिगसन सरांना वाटत होतं की यंदा माझं जाईल. आईने तर दुकानात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. मलाही जायचं होतं हो. खूप. मी आरशासमोर परीक्षकांशी बोलायचा सरावसुद्धा केला होता.

पोस्टरच्या मधोमध मी नकाशा काढला आणि नॅलारपवर एक लाल ठिपका दिला.

"मेरिन, हा ठिपका खोड," सर म्हणाले.

"का, सर?"

"पुस्तकात नाही. परीक्षक बाकी काही बघणार नाहीत, एवढंच बघतील."

"डॉक्टर इनेस पक्कं करतील की. पाठवतेच आता."

पाठवायच्या आदल्या दिवशी मी सूचनांचा कागद नीट वाचला. लिहिलं होतं, चिठ्ठी नळीच्या आत टाकावी. माझ्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या मळल्या होत्या, चुरगळल्या होत्या. डॉक्टरांना असलं गबाळं पाठवायचं? मी माझं आवडतं जांभळं पेन काढलं, चार नव्या चिठ्ठ्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिल्या, जागा, तारीख, माझं नाव, आणि आत टाकल्या. जुन्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. खोकं बांधलं. पोस्टात.

दहा दिवसांनी फोन आला.

"मेरिन, तू चिठ्ठ्या कशाने लिहिल्या होत्यास?"

"पेनाने."

पलीकडे नळ्या किणकिणल्या. मग त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर चार नळ्या आहेत. चारींत जांभळं अल्कोहोल आणि कोरा कागद. अल्कोहोल शाई खाऊन टाकतं, बाळ. शिसपेन्सिलच लागते. सूचनांच्या कागदावर मी ते लिहायला हवं होतं. आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की लिहावंसंच वाटलं नाही. चूक माझीही आहे."

"पण पट्टेवाले आहेत ना एका नळीत?"

"आहेत. दोन नरही आहेत, आणि जात नरावरूनच ओळखतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, थोडे वेगळे वाटतात. दक्षिणेचीच जात असेल, किंवा तिची बहीण, जिला अजून नाव नाही. पण ते ठरवायला ती कुठून आली हे कळायला हवं."

"आमच्या खडकावरून! मी सांगते ना!"

"आणि तुझ्या पत्राप्रमाणे चारांतली एक नळी आल्बनीची आहे, जिथं ही जात असतेच. कुठली कुठली?"

"मला माहीत आहे कुठली ती."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," डॉक्टर इनेस म्हणाल्या. "पण शंभर वर्षांनी कुणीतरी ही नळी उघडेल. तेव्हा तूही नसशील, मीही नसेन. त्याने कोणावर विश्वास ठेवायचा?"

फोन ठेवला आणि मी सायकल घेऊन सुटले ती थेट खडकावर. ऑक्टोबर लागला होता. खळगे कोरडे. तळाला भेगाळलेला चिखल आणि एक मेलेला बेडूक. भुंगे केव्हाच उडून गेले होते, पाणी आटलं की ते रात्रीतून उठतात आणि दुसरीकडे जातात. आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही नाही. मी त्या गरम दगडावर बसून रडले. आणि ते जांभळं पेन दातांनी चावून चावून फोडलं. शाई ओठाला लागली. ती मात्र दोन दिवस गेली नाही.

सोमवारी मी स्वतःच तो लाल ठिपका खोडला. वर्गात, सरांसमोर.

"शहाणी," सर म्हणाले. "आता दक्षिण हिरवी रंगव, बाकी पांढरं राहू दे, की मी सही करतो."

"पांढरं म्हणजे काय, सर?"

"म्हणजे तिथं नाही."

"पण तिथं आहे."

"पुरावा?"

"नाही."

"मग?"

"मग 'माहीत नाही' असं रंगवते."

"'माहीत नाही' असा रंग नसतो, मेरिन."

"राखाडी चालेल."

वर्ग हसला. सरसुद्धा थोडेसे. मग म्हणाले, "अर्धं राज्य राखाडी? परीक्षक म्हणतील पोरीने अभ्यासच केला नाही."

"अभ्यास केलेल्यांनीच तिथं पाहिलं नाहीये, सर!"

मागच्या बाकावरून "ओऽऽऽ" आलं. शार्नीने बाकावर ताल धरला. सरांनी पोस्टर गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि शुक्रवारपर्यंत विचार कर म्हणाले. वाईट नाहीत ते. त्यांना खरंच वाटत होतं मी पर्थला जावं.

मी विचार केला. म्हणजे आधी डॉक्टर इनेसना लिहिलं की नकाशावरचे ठिपके आले कुठून, त्याची यादी द्या. दुसऱ्या दिवशी यादी आली, त्रेचाळीस ठिकाणं, तारखांसकट. जिथं शोधूनही सापडला नाही, त्या जागाही खाली वेगळ्या दिल्या होत्या. टेगन आणि मी बाबाचा रस्त्यांचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि एकेक टाचणी टोचत गेलो.

पंधराव्या टाचणीला टेगन म्हणाली, "ए. हे बघ."

सगळ्या टाचण्या हमरस्त्यावर होत्या. हमरस्ता जिथं ओढा ओलांडतो तिथं टाचणी. किनाऱ्याला तंबू ठोकायची जागा, तिथं तीन. जिथं गाडी उभी करता येते, तिथं तिथं भुंगा! भुंग्यांनी काय रस्ता बघून घरं बांधली?

"हा भुंग्यांचा नकाशाच नाही," मी म्हटलं. "माणसं कुठं थांबली त्याचा नकाशा आहे."

"लघवीला," टेगन म्हणाली.

आणि खालच्या यादीत आमच्या अख्ख्या तालुक्याची एकच नोंद होती. सन एकसष्ट, नॅलारप गाव, घोड्यांना पाणी पाजायचं टाकं, जाळं टाकलं, काही मिळालं नाही, टायर दुरुस्त होईपर्यंत थांबलो. त्या माणसाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्याचा राग नाही. पण एक टायर पंक्चर झालं म्हणून आमचा तालुका साठ वर्षं पांढरा! एकाही खडकावर कुणी चढलेलं नाही, आणि पुस्तक म्हणतं, नाही.

तेव्हा मला कळलं की मी काय करणार. ठिपका ठेवला असता तर पुराव्याशिवाय बोलले असते. पांढरं ठेवलं तर मात्र सरळ खोटं बोलेन, पाच जण चाळणीत तडफडताना बघितलेले असून. गुरुवारी रात्री मी नकाशा नव्याने काढला. त्रेचाळीस ठिपके हिरवे. शोधूनही न सापडलेल्या जागांवर बारीक पांढरे गोल, आमच्याकडे फक्त टाक्यावर एक. बाकी सगळं राखाडी, आणि त्यावर टेगनच्या आजीला विचारून लिहिलं, 'इथलं पाणी पिणाऱ्यांना कधी विचारलेलं नाही. जाळं टाकलेलं नाही.' आजी म्हणाली होती, "लिही. उशिरा का होईना."

शुक्रवारी सरांनी राखाडीवर लिहिलेलं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "खरं आहे हे. पण मी पुस्तकाप्रमाणेच पाठवू शकतो. रंग बदल, आत्ता सही करतो. नाहीतर यंदा नाही."

"मग यंदा नाही," मी म्हटलं.

घरी आले तर आईबाबा शेडमध्ये होते. कापणी तोंडावर आलेली, बाबा हार्वेस्टरखाली उताणा पडलेला, फक्त बूट दिसत होते, आणि आई त्याला नटबोल्ट आवळायचे पाने पुरवत होती.

"झाली सही?" आईने विचारलं. "पर्थला कधी निघायचं? मी मॉयराला सांगितलंय, ती पण येते म्हणाली."

"नाही झाली. मी पोस्टर मागे घेतलं."

पाना खाली पडला. "एका ठिपक्यासाठी? अगं, एक ठिपका!"

"ठिपका मी कधीच खोडला, आई. पांढऱ्यासाठी."

हार्वेस्टरखालून बाबाचा आवाज आला, "लहान होतो तेव्हापासून बघतोय मी ते भुंगे तिथं. माझं नाव सांग त्यांना."

"तुझं नाव चालत नाही, बाबा. माझंही चालत नाही. खडकावरचा भुंगा लागतो, नळीत, पेन्सिलीच्या चिठ्ठीसकट, म्हणजे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहायला नको."

आईने पाना उचलला. आमच्या नेटबॉल संघाची प्रशिक्षक तीच आहे, संघाला मुली लागतात सात, आणि गावात आहेत नेमक्या सात. मी तिच्याच डोळ्यांत बघत बोलले, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाबाच्या बुटांशी बोलत होती.

"नीट ऐका दोघं. आपल्या तालुक्यात एकशे बारा खडक आहेत, नकाशावर मोजलेत मी. येत्या मेपासून दर शनिवारी मी त्यातल्या एकेकावर असणार, टेगनला घेऊन. नेटबॉल नाही. आई, तू आमच्या दोघींच्या जागी दुसऱ्या मुली बघ, नाहीतर पाचजणींनी खेळा. आणि भुंगा जिथं सापडणार नाही, तिथं 'नाही' हे मी लिहीन. टायर पंक्चर झालं म्हणून नाही. खळग्यात गुडघाभर उतरून, बघून लिहीन."