एका व्हॉल्व्हवरची चार धुराडी

प्रदूषण खात्याच्या निरीक्षक बाईंनी कारखान्याच्या धुराची फाइल तिसऱ्यांदा उघडली, तेव्हा ऑफिसात खसखस पिकली. "पालथ्या घड्यावर पाणी, बाई!" शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले. बाईंना राग आला की त्या पेन्सिलीला टोक काढत, आणि त्या दिवशी अर्धी पेन्सिल संपली.

कायदा तसा सरळ होता. एका आवारात, एकाच कारभाराखाली जेवढा धूर निघतो, त्याची बेरीज वर्षाला शंभर टनांवर गेली की तो मोठा स्रोत. मग प्रत्येक धुराड्याला गाळणी बसवलीच पाहिजे. पण कारखानदार पडला बारा गावचं पाणी प्यायलेला! त्यानं एका कारखान्याच्या चार कंपन्या केल्या. एक स्वतःच्या नावावर, बाकीच्या मेहुणा, साडू आणि भाच्याच्या. चार पाट्या लावल्या, मध्ये कमरेएवढ्या भिंती घातल्या. प्रत्येकाचा धूर तीस टन. म्हणजे चौघेही लहान, चौघेही बिचारे!

मागच्या गल्लीत बालवाडी होती. तिथल्या ताई दर महिन्याला ऑफिसात येऊन खिडकी पुसलेलं फडकं बाईंच्या टेबलावर ठेवत. काळंकुट्ट. या वेळी फडकं ठेवून त्या म्हणाल्या, "सात पोरं खोकतायत. एकाला दवाखान्यात ठेवलंय. खिडकी उघडायची सोय नाही हो." आता सुनावणी लागली होती, आणि बाई ती हरल्या, तर फाइल कायमची बंद होणार होती.

बाईंनी चारही कंपन्यांची भट्टीची रजिस्टरं मागवली. पानं उलटता उलटता चहा गार झाला, आणि एका ओळीवर बोट थांबलं. पहिला सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं, भट्टी बंद, चाचणी. दुसऱ्या रजिस्टरातही तेच. तिसऱ्यात, चौथ्यात, दर महिन्याला तेच! बाईंनी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. फक्त अर्ज केला, सुनावणी कारखान्यातच घ्यावी, पहिल्या सोमवारी, साडेदहाला.

सुनावणीचे साहेब आले. ताईही येऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. कारखानदार साहेबांना भट्टीघर दाखवता दाखवता मधाळ बोलत होता. "साहेब, चुली वेगळ्या, संसार वेगळे. आमचा एकमेकांशी संबंध नमस्कारापुरता."

अकरा दहाला म्हातारा भट्टीवाला हात पुसत आला. तीस वर्षं तो ही चाचणी घेत होता. मालक एरवी भट्टीघरात पाऊल टाकत नसे, त्यामुळे त्याला याचा पत्ताच नव्हता.

"साहेब, जरा सरका. व्हॉल्व्ह तुमच्या मागं आहे."

त्यानं लाल चाक फिरवलं. पहिल्या भट्टीची घरघर थांबली. मग दुसरीची, तिसरीची, चौथीची. बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. चारही धुराडी गप्प!

"हा व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांचाच की!" भट्टीवाल्याची छाती फुगली. "तेलाची टाकी एक, नळ एक. कामगारही एकच, मी! एक महिना चुकवला नाही."

कारखानदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"वेगळ्या चुली म्हणालात ना?" साहेब म्हणाले. "मग एका फुंकरीत चारही कशा विझल्या?" त्यांनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, स्रोत एक, वर्षाला एकशेवीस टन, मोठा. सहा महिन्यांत गाळण्या बसवा, नाहीतर टाळं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी भट्टीवाल्याचे काळे हात घट्ट धरले आणि ताईंनी चक्क शिट्टी मारली.

गाळण्या बसल्या. पुढच्या महिन्यात ताई पुन्हा ऑफिसात हजर. बाईंचा हात पेन्सिलीकडे गेला.

"आता काय झालं?"

"खिडक्या उघड्या असतात ना दिवसभर! दवाखान्यातून आलेला पोरगा तर खिडकीतून हलतच नाही. एकाचंही लक्ष नाही शिकण्यात. याची तक्रार कुठं करायची?"

"द्या लेखी," बाई म्हणाल्या, आणि दोघी पोट धरधरून हसल्या.