ढब्बूची अंगाई

ढब्बूची आई दाताच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलामागे बसते. त्या दिवशी बाकावरच्या एका बाईने रडणाऱ्या बाळाच्या कानाशी फोन धरला आणि फोनमधून ढब्बूच्या आईचाच आवाज आला. "नीज गं माझ्या ढब्बू..." मध्येच कुकरची शिट्टी, "थांब हं, गॅस बंद करते," आणि पुन्हा अंगाई. बाळ झोपलं. ते बाळ मुलगा होता, आणि कुठल्याच बाजूने ढब्बू नव्हता.

"गोड आहे ना?" बाई म्हणाली. "सगळ्यांकडे आहे. फुकट आहे हो, हवी तर पाठवते."

स्वतःचीच अंगाई फुकटात! नशीब लागतं.

कामावर परत रुजू होताना तिने ती अंगाई रेकॉर्ड केली होती. आईशिवाय ढब्बू दुपारी डोळा मिटत नसे, म्हणून पाळणाघराच्या मावशींकडे दिली. सुरुवातीला छान चाललं. हल्ली मात्र अंगाई लागली की ढब्बू उठून बसायची, दाराकडे बघायची आणि भोकाड पसरायची. संध्याकाळी घरी यायची ती लाल डोळ्यांनी. दात येत असतील, पोट दुखत असेल, कान फुटला असेल... शंका काढण्यात ढब्बूच्या आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं कारण तेवढं सुचलं नव्हतं.

ती तडक पाळणाघरात गेली. खोलीखोलीत स्पीकर, आणि प्रत्येकातून तीच अंगाई. चारही बाजूंनी आई हाका मारतेय, येत मात्र नाही.

"मावशी, ही मी फक्त ढब्बूसाठी दिली होती."

"अगं, एका पोराला झोपवलं काय नि सगळ्यांना झोपवलं काय! तुझं काय झिजलं?"

"ढब्बू झोपत नाहीये."

"एकटी ढब्बू. बाकीची बघ कशी घोरतायत."

बहुमत घोरत होतं.

"मग काढून टाका ना."

"माझ्याकडची काढते. पण पालकांच्या ग्रुपवरून कुठे कुठे गेली, ती कशी परत आणू? आणि खरं सांगू? मागे बालगीतांचं अख्खं फोल्डर ग्रुपवर कोणी टाकलं होतं? विकत घ्यायची असतात म्हणे ती."

टाकलं होतं ढब्बूच्या आईनेच. पण ते वेगळं होतं. ते परक्यांचं होतं! त्या गायिकेच्या घरीही कुणी ढब्बू असेल, हा विचार तेव्हा तिला शिवलाही नव्हता. आता शिवला, आणि चांगलाच चावला.

घरी येऊन तिने आधी स्वतःचं फोल्डर ग्रुपवरून काढायचा प्रयत्न केला. फार उशीर झाला होता. मग लिहिलं, "ती अंगाई माझी आहे, माझ्या मुलीसाठी आहे. कृपया काढून टाका."

उत्तरं भराभर आली.

"अय्या, तुम्ही का त्या!"

"शिट्टी काढता येईल का? आमचा दचकतो."

"ढब्बूच्या जागी माझ्या लेकाचं नाव घालून द्या ना. दोन मिनिटांचं तर काम."

"कलेवर असा हक्क सांगू नये, ताई."

हा शेवटचा उपदेश कुणा मुलाच्या बाबांचा. त्यांनी तिच्या आवाजाखाली ढोल वाजवून वर स्वतःचं नाव घातलं होतं आणि खाली बजावलं होतं, 'माझं नाव काढून पुढे पाठवू नये.'

"प्रसिद्ध झालीस की," नवरा म्हणाला. "नवीन रेकॉर्ड कर, झालं."

"आणि ती कुठे कुठे जाईल?"

त्यावर त्याला एकदम जेवणाची आठवण झाली.

रविवारी दुपारी तिने ढब्बूला कुशीत घेऊन अंगाई सुरू केली. ढब्बूने दाराकडे पाहिलं. आई समोर असताना ती दाराकडे बघत होती! मग तिने आपला इवलासा पंजा आईच्या तोंडावर दाबून धरला. ढब्बूची आई थांबली. तशीच पडून राहिली, मुकाट. जरा वेळाने ढब्बूने तिच्या गाऊनमध्ये नाक खुपसलं आणि झोपून गेली.

सोमवारी तिने तो गाऊन पिशवीत घालून मावशींना दिला.

"अगं, हा धुतलेला नाही!"

"म्हणूनच देतेय. ढब्बूला मागच्या खोलीत झोपवा, तिथला तरी स्पीकर बंद करून. आणि हा कुणी मागितला तर सांगा, एकच आहे."

त्या दुपारी ढब्बू गाऊन कवटाळून गाढ झोपली. मावशींना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत निरोपांचा ढीग पडला होता. "ताई, गाऊन कुठून घेतलात? लिंक टाका ना."